सुपारीचं ताट आणि चिंचोक्यांची सभा

एका गावात एक ओढा होता, आणि त्या ओढ्यावर साकव म्हणून टिकत नव्हता.

उन्हाळ्यात पाहाल तर म्हणाल, हा कसला ओढा! घोट्याएवढं पाणी. बकऱ्या टणाटण उड्या मारत पार व्हायच्या. पण आषाढ लागला की डोंगरावरचं सगळं पाणी त्याच्यात उतरायचं, आणि मग त्याच्यापुढे बैलसुद्धा उभा राहत नसे. गाव ओढ्याच्या अलीकडे. वैद्यबुवा आणि सुईण राहायचे पलीकडच्या वाडीत. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने गावात कुणी आजारी पडायचं नाही आणि कुणाला मूलही व्हायचं नाही! पण दुखणं काय आणि बाळ काय, कुणाला विचारून येतात का?

त्या गावचे पाटील फार भले होते. वाटेत कुणाच्या डोक्यावरचा भारा सुटला, तर स्वतः वाकून बांधून देतील असे. त्यांचं एकच होतं. गावाचा सगळा गाडा आपणच ओढतो आहोत, असं त्यांना वाटायचं. आणि खरं सांगायचं तर गावालाही ते सोयीचंच होतं. दुसरा ओढतोय म्हटल्यावर खांदा कोण लावतो?

गावाची एक रीत होती. काही ठरवायचं असलं की देवळापुढे सभा बसायची. घरटी एक कर्ता पुरुष. पाटलांचे कारभारी मधोमध पितळेचं ताट ठेवायचे. आधी पाटील बोलायचे आणि आपली सुपारी ताटात टाकायचे. मग वयाने सगळ्यांत थोर असेल तो, मग त्याच्याहून लहान, असं करत करत जो तो आपली सुपारी टाकायचा. सुपारी टाकली म्हणजे ‘मला मान्य आहे’. शेवटी कारभारी ताट उचलून हाळी द्यायचे, “ताट भरलं हो!”

या ताटाचा पाटलांना भारी अभिमान. “तीस वर्षं झाली,” ते आल्यागेल्याला सांगायचे, “एकसुद्धा सुपारी कनवटीला परत गेली नाही. एवढं एकमत दुसऱ्या गावात दाखवा, मिशी उतरवीन!”

तर अशा या एकमताने गावाने देवळापुढे साकव बांधला, कारण तिथे ओढा सगळ्यांत अरुंद. पहिला साकव बांबूचा. तो एका श्रावणात वाहून गेला. सभा बसली, ताट भरलं, आणि ठरलं की बांबूच कमजोर. दुसरा बांधला आंब्याच्या लाकडाचा, त्याच जागी. तो भाद्रपदात गेला. पुन्हा ताट भरलं. आंब्याला कीड होती म्हणे! दोन्ही वेळा दोष लाकडाला मिळाला. जागेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुसरा साकव गेला तेव्हा पाटलीणबाई तापाने फणफणल्या होत्या. वैद्यबुवा औषधाची पुडी घेऊन पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले. दोन दिवस उभे होते बिचारे. पाणी उतरलं तेव्हा त्या पुडीची गरज उरली नव्हती.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. पाटलांच्या सुनेला दिवस गेले होते आणि बाळ येणार होतं ऐन श्रावणात. सून तोंडाने काही बोलायची नाही. पण तांदूळ निवडता निवडता तिची नजर ओढ्याकडे जायची, आणि ती पाटलांना दिसायची. या खेपेला साकव टिकलाच पाहिजे, त्यांनी मनाशी गाठ बांधली. त्यांनी देवराईतलं ऐनाचं झाड मागितलं. देवराईतलं झाड बारा वर्षांतून एकदाच तोडायचं, असा देवाचा कौल होता. झाड पडलं. सुताराने त्याच्या दोन लांबलचक तुळया काढल्या. लाकूड कसलं, लोखंडच ते! पण हा साकव गेला, तर पुढची बारा वर्षं गावाला असं लाकूड नाही.

सभा बसली. “देवळापुढेच,” पाटील म्हणाले आणि त्यांनी सुपारी टाकली. टप टप टप टप, ताट भरलं. दोन दिवसांनंतरचा मुहूर्त ठरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटील भिवा कुंभाराकडे निघाले. पायाचे दगड वाहायला त्याची गाढवं हवी होती. कुंभार आळीत शिरले, तर भिवाच्या रिकाम्या भट्टीमागून पोरांचा आवाज आला. कलकलाट असता तर पाटील पुढे गेले असते. पण एका वेळी एकच आवाज येत होता. पोरं आणि एका वेळी एक आवाज? पाटील चकित होऊन भट्टीआड उभे राहिले.

आळीतली दहा-बारा पोरं गोल करून बसली होती. मध्ये एक मोठं खापर. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. भिवाची अकरा वर्षांची येसू सांगत होती, “आज नवीन पोरं आहेत, म्हणून नियम पुन्हा सांगते. सगळ्यांत धाकट्याने आधी बोलायचं. दुसरा बोलताना आपण गप्प. पटलं तर चिंचोका खापरात टाकायचा. नाही पटलं तर मूठ मिटलेली ठेवायची. मिटलेल्या मुठीला चिडवायचं नाही. तिला विचारायचं.”

“काय विचारायचं?” एका नव्या पोराने विचारलं.

“का ते विचारायचं, येड्या!”

पाटलांना हसू आलं. अरे वा, आमचीच नक्कल! पण उलटी.

“मागच्या कामाचं काय झालं?” येसूने विचारलं.

“आंधळ्या आजीच्या दारातला खड्डा बुजवला,” एक मुलगा म्हणाला. “या वेळी तिला विचारून बुजवला. मागे न विचारता पायरी हलवली, तर आजी पडता पडता वाचली. काय शिव्या दिल्या तिने!”

“बरं. आज साकवाचं बोलायचं. सोनकी, तू आधी.”

साकव म्हटल्यावर पाटलांनी कान टवकारले. सोनकी म्हणजे भोयाची पाच वर्षांची पोर. पुढचे दोन दात पडलेले, परकर चिखलाने माखलेला. ती उभी राहिली आणि म्हणाली, “साकव देवळापुढे नको. तिथे खेकड्यांची घरं आहेत.”

एक मोठा मुलगा फिसकन हसला. येसूने डोळे वटारले. “हसायचं नाही. सांग गं सोनकी. खेकड्यांची घरं आहेत, मग?”

“मग काठ आतून पोकळ आहे. मी हात घातला की इथपर्यंत जातो.” सोनकीने खांद्याला हात लावून दाखवलं.

“खरं आहे,” तिच्याहून थोडा मोठा पोरगा म्हणाला. “आम्ही खेकडे धरायला एका बिळात धूर केला, तर तो पलीकडच्या तीन बिळांतून निघाला.”

आता मात्र पाटलांचं डोकं सणकलं. तीस वर्षांचं ताट, देवराईचं झाड, ठरलेला मुहूर्त, आणि ही शेंबडी पोरं खेकड्यांच्या गप्पा करतायत! ते भट्टीआडून पुढे आले आणि कडाडले, “वा रे पंचमंडळी! ओठ पिळले तर दूध निघेल, आणि निघालात गावाला शहाणपण शिकवायला? पळा घरी!”

पोरं भुर्रकन पांगली. येसूसुद्धा खापर तिथेच टाकून पळाली. पण सोनकी बसून राहिली. तिची इवलीशी मूठ मिटलेली होती.

“तू गं? तू का नाही पळालीस?”

“माझं बोलून झालं नाही,” सोनकी म्हणाली.

पाटील रागावलेले होते, पण मुळात माणूस मऊ. ते भट्टीला टेकून उकिडवे बसले. “बरं बाई. बोल.”

“बोलून कळणार नाही. चला, दाखवते.”

तिने पाटलांचं बोट धरलं आणि त्यांना देवळापुढे, ओढ्याच्या पात्रात खाली नेलं. पाटलांनी हा काठ हजारदा पाहिला होता, पण वरून. खालून पाहायला वाकावं लागतं, आणि पाटलांना कोण वाकायला लावणार? त्यांनी वाकून पाहिलं. काठाच्या पोटात बिळंच बिळं. त्यांनी आपली काठी एका बिळात घातली. काठी गेली, गेली, मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी जरा हलवून पाहिली, तर वरून टोपलीभर माती भस्सकन खाली आली आणि पाटील चिखलात बसले.

सोनकीला खुदकन हसू फुटलं. पाटील हसले नाहीत. दोन्ही साकव याच मातीवर उभे होते. बांबू कमजोर नव्हता. आंब्याला कीड नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे पलीकडच्या काठावर पुडी घेऊन उभे असलेले वैद्यबुवा आले.

तसेच चिखलाच्या धोतराने ते भिवा कुंभाराच्या दारात गेले. “भिवा, तू जन्मभर मातीत हात घालतोस. देवळापुढचा काठ कसा आहे रे?”

भिवाने मान खाली घातली. “भुसभुशीत आहे, पाटीलबाबा. गाडगंसुद्धा होत नाही त्या मातीचं.”

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“होतं.”

“अरे मग बोलला का नाहीस?” पाटील जवळजवळ ओरडलेच.

“बोलायचं होतं हो. पण तुमची सुपारी आधीच ताटात पडली होती. मग थोरांच्या पडल्या. माझी पाळी आली तोवर वीस पडल्या होत्या. मला वाटलं, वीस माणसं चुकतील होय? मीच येडा असेन. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि टाकली सुपारी.” भिवाचे डोळे भरून आले. “पाटलीणबाई गेल्या त्या दिवसापासून घास गोड लागत नाही मला.”

पाटील तिथून भोयाकडे गेले. भोई म्हणाला, पुराचा भोवरा त्याच काठाला धडकतो, तो जाळं टाकताना दर वर्षी पाहतो. मग बोलला का नाही? “भिवाची सुपारी पडली होती ना! मातीतलं त्याला जास्त कळतं.”

आता सांगा, कुणाला बोल लावायचा? पाटलांनी कुणालाच लावला नाही. लावला तो स्वतःला. ज्या ताटाची तीस वर्षं मिरवणूक काढली, त्यात सुपाऱ्या होत्या, पण मत एकाचंच होतं. आणि ते एकच मत चुकलं, तेव्हा त्यांचं घर सुनं झालं.

ते घरी आले. सून अंगणात वाळवण गोळा करत होती. सासऱ्यांचा अवतार पाहून ती घाबरली. “मामंजी, काय झालं?”

“तीस वर्षं पाटीलकी केली, पोरी,” ते म्हणाले, “आणि आज एका दात पडलेल्या पोरीने मला ओढा दाखवला.”

मग त्यांनी कारभाऱ्यांना बोलावलं. “मुहूर्त थांबवा.”

कारभाऱ्यांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. “पाटीलबाबा! ताट भरलंय! भरलेलं ताट कधी फिरवलंय का आपण? लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात, तेच तर तीस वर्षांत ऐकायचं राहून गेलं,” पाटील म्हणाले. “आता दवंडी द्या. आज सभा देवळापुढे नाही. प्रत्येक आळीने आपल्या आळीत बसायचं. बायका, म्हातारे, पोरं, सगळ्यांनी. धाकट्याने आधी बोलायचं. मग प्रत्येक आळीतून एक थोर आणि एक पोर, असे दोघे उद्या सकाळी माझ्याकडे पाठवायचे. आळीने काय ठरवलं ते त्यांनी सांगायचं, स्वतःच्या मनचं नाही.”

“आणि तुमचं मत?”

“माझं शेवटी.”

त्या दिवशी गावात काय गंमत उडाली म्हणता! सुरुवातीला थोरामोठ्यांची जीभ टाळ्याला चिकटली. एका आळीत तर घटकाभर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले, शेवटी एका चार वर्षांच्या पोराने “मला भूक लागली” असं मत मांडलं, आणि मग हसता हसता सगळ्यांची तोंडं सुटली. बायकांना तर आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या धुणं धुवायला रोज ओढ्यावर. कुठे पाय घसरतो, कुठे दगड पक्का, हे त्यांना पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच आळ्यांचे दहा जण पाटलांच्या ओसरीवर जमले. कुंभार आळीकडून भिवा आणि येसू. चार आळ्यांचं म्हणणं एकच निघालं. साकव खालच्या अंगाला हवा, जिथे दोन्ही काठांना काळा कातळ आहे.

“पण तिथे ओढा रुंद आहे,” कारभारी म्हणाले. “तुळया पुरायच्या नाहीत.”

“पुरतात,” येसू म्हणाली. “आम्ही बकऱ्यांची दावी जोडून मोजलंय. ओढा बावीस हात. तुळई सत्तावीस.”

सुताराला विचारलं. त्याने मान डोलावली. पाटलांना राहवेना. त्यांना तर ऐकताक्षणीच कातळ पटला होता. “मग ठरलं!” म्हणत त्यांनी सुपारीला हात घातला.

“पाटीलबाबा,” येसू हळूच म्हणाली, “तुमची पाळी शेवटी.”

पाटलांनी जीभ चावली आणि सुपारी पुन्हा कनवटीला लावली. “चुकलो बाई. जुनी खोड आहे.” मग सगळे मोकळेपणी हसले.

सुपाऱ्या पडल्या. आठ ताटात आणि दोन मुठी मिटलेल्या. देवळाच्या आळीतून आलेल्या म्हाताऱ्या आजीची आणि तिच्या नातवाची. कारभारी कुरकुरले, “एका आळीसाठी काय अडायचं?” पण पाटील उठून आजीपुढे बसले. “आजी, का?”

“कातळ चांगला आहे रे बाबा,” आजी म्हणाली. “पण आमच्या आळीतून लांब पडतो. आळीत आम्ही सहा म्हातारी माणसं. वैद्यबुवांकडे जायचं तर अर्ध्या वाटेत धाप लागते. आम्ही मेलो तरी चालेल, असं ठरवायचं असेल तर टाकते सुपारी.”

कुणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं. मग आजीचा नातू म्हणाला, “वाटेत बसायला दगड मांडले तर? दर शंभर पावलांवर एक. आम्ही पोरं मांडू.”

“आणि उतारावर पायऱ्या?” आजीने विचारलं.

“त्या माझ्याकडे,” भिवा म्हणाला.

आजीने मूठ उघडली, नातवानेही उघडली. दोन्ही सुपाऱ्या ताटात पडल्या. सगळ्यांत शेवटी पाटलांनी आपली टाकली, आणि त्यांना वाटलं, तीस वर्षांत आज पहिल्यांदा सुपारीचा आवाज ऐकला.

साकव कातळावर झाला. पुढे आषाढ कोसळला, श्रावण लागला. एका सकाळी ओढ्याला असा लोंढा आला की देवळापुढचा काठ बैलगाडीएवढा तुटून धाडकन पाण्यात बसला. आणि नेमक्या त्याच सकाळी पाटलांच्या सुनेला कळा सुरू झाल्या!

सुईणीला निरोप गेला आणि पाटील भर पावसात साकवावर धावले. तुळया थरथरत होत्या, पण कातळ तसूभर हलला नव्हता. पलीकडून सुईण कासोटा खोचून झपाझप येत होती. पाटील साकवाच्या तोंडाशीच खिळून उभे राहिलेले. सुईण खेकसली, “अहो, वाट सोडा की! साकव बांधलाय तो काय मला अडवायला?”

दुपारी मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी सुखरूप. पाटलांनी नातीला मांडीवर घेतलं आणि लहान मुलासारखे ढसाढसा रडले. अर्धे अश्रू आनंदाचे होते, आणि अर्धे पाटलीणबाईंसाठी.

भाद्रपदात सभा बसली ती देवळापुढेच, पण पाची आळ्यांतून निवडून आलेल्यांची. विषय होता शाळेच्या छपराचा. सोनकी पहिल्यांदा बोलायला म्हणून ऐटीत उठली, तेवढ्यात सुनेच्या मांडीवरच्या बाळाने टाहो फोडला. कारभारी म्हणाले, “अहो, बाळाला बाजूला न्या!”

“थांबा,” पाटील म्हणाले. “सगळ्यांत धाकटं आधी. बोलू द्या तिला.”

बाळ मनसोक्त रडलं. सभा गुपचूप ऐकत राहिली. सोनकी गाल फुगवून पुटपुटली, “म्हणजे आता मी दुसरी!”

मग सगळे बोलले. सुपाऱ्या पडल्या. कारभाऱ्यांनी ताट उचललं, पुन्हा पुन्हा मोजलं आणि पडलेल्या तोंडाने म्हणाले, “पाटीलबाबा, तीन कमी आहेत. ताट काही भरलं नाही हो.”

पाटलांचा चेहरा उजळला. आपली सुपारी तशीच कनवटीला ठेवून त्यांनी बैठक सरसावली. “फार छान! चला, मिटलेल्या मुठींना विचारू या.”

तात्पर्य: वरून पाहणाऱ्याला काठ दिसतो, खाली खेळणाऱ्याला त्याची पोकळी कळते, म्हणून धाकट्याचं आधी ऐकावं, थोराने शेवटी बोलावं, आणि भरलेल्या ताटापेक्षा एका मिटलेल्या मुठीची जास्त कदर करावी.